रिकाम्या जागेला वारा

वैशाखातली रात्र. नऊ वाजून गेले होते, तरी भिंतींतून धग निघत होती. मी माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि खापराचा तो तुकडा पाण्याखालीच एका भांड्यात सरकवून, पाण्यासकट बाहेर काढला. त्या तुकड्यावर तीनशेच्या आसपास अंडी होती. आठ दिवसांची, प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकणारी. नराने माझ्या मनगटाला तीन-चारदा चावे घेतले. बोटभर मासा, पण चावा जाणवतो. अंडी शेजारच्या काळा कागद लावलेल्या टाकीत ठेवली, त्यांच्याजवळ हवेचा बारीक बुडबुडा सोडला, हात पुसले आणि सहज मागे वळून पाहिलं. नर त्याच जागी होता. खापर जिथे टेकवलेलं असायचं त्या दगडाकडे तोंड करून, अंग किंचित तिरकं धरून, दोन्ही बाजूंचे पर एकसारखे हलवत होता. मध्येच थांबायचा, दगडाला तोंड लावायचा, पुन्हा पर हलवायला लागायचा. अंड्यांना वारा घालतात तसाच. समोर अंडं एक नव्हतं.

माय पाणी प्यायला उठली होती. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"हाऊ काय करी राहिना?"

"वारा घालतोय अंड्यांना."

"पन अंडा तं तू काढी लिधात ना?"

"हो."

ती बराच वेळ बघत राहिली. हातातल्या तांब्यातलं पाणी प्यायचं राहून गेलं. मग हळू म्हणाली, "त्याले कोनी सांगं नही का?"

त्या प्रश्नाचं मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. आजही माझ्याकडे ते नाही. पण त्या रात्रीपासून तो प्रश्न माझ्याबरोबर शाळेत येतो, फळ्यासमोर उभा राहतो, संध्याकाळी बोरी नदीच्या पुलावर फिरायला येतो.

त्या खापराची गोष्ट आधी सांगायला हवी. मागच्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मायने नवं खापर आणलं होतं. मांडे ती अजून चुलीवरच करते, गॅसवर खापर बसतच नाही म्हणते. सकाळी तिने नानांच्या, माझ्या वडिलांच्या, नावाची घागर भरली, वर डांगर ठेवलं, नैवेद्याचं पान मांडायचं म्हणून पुरण वाटून तयार होतं. नवं खापर चुलीवर पालथं घातलं आणि पहिल्याच तापणीला ते तडकलं. मोठा आवाज झाला नाही, नुसतं 'टक्' झालं आणि मधोमध चीर गेली. शेजारून खापर मागून आणलं, मांडे झाले, पान मांडलं गेलं. पण तुटलेलं खापर टाकून द्यायला मायचं मन होईना. नानांच्या पानासाठी आणलेलं होतं ते. दोन दिवस ते चुलीशेजारी भिंतीला टेकून होतं. मीच म्हटलं, एक तुकडा मला दे. हाताच्या पंजाएवढा, किंचित बाकदार तुकडा. तेलाचा थेंब न लागलेला, भाजलेल्या मातीचा. क्लाउनफिशची वीण घेणारे लोक नेहमी कुंडीची खापरी नाहीतर कौलाचा तुकडा टाकीत ठेवतात, कारण खडबडीत मातीवर अंडी घट्ट चिकटतात आणि वेळ आली की तुकड्यासकट उचलता येतात. मी तो उकळला, पंधरा दिवस पाणी बदलत भिजवला आणि टाकीत दगडाला टेकवून ठेवला.

उचलता येतात म्हणून. हे तेव्हाच ठरलेलं होतं.

ही जोडी माझ्याकडे चार वर्षांपूर्वी आली, मुंबईहून, रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यात. दुकानांतून मिळतो तो तीन पट्ट्यांचा क्लाउनफिश आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पोरं त्याला कार्टूनमधला मासा म्हणतात. हे त्यातले नव्हेत. यांचं शास्त्रीय नाव अॅम्फिप्रिऑन निग्रिपीस. रीगन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ साली ते ठेवलं. निग्रिपीस म्हणजे काळ्या पायांचा. पोटाखालचे पर काळेभोर, अंग पिकल्या हापूसच्या आतल्या गरासारखं, आणि डोळ्याच्या मागून एकच बारीक पांढरा पट्टा, नुकतंच कपाळावर भस्म ओढल्यासारखा. जगाच्या पाठीवर हा मासा राहतो तो मालदीव, श्रीलंका आणि आपल्या लक्षद्वीपच्या आसपास, एवढ्याच पाण्यात. आणि तिथेही एकाच जातीच्या समुद्रफुलात, म्हणजे सी अॅनिमोन नावाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवात. बाकीचे क्लाउनफिश दोन-चार, काही तर दहा प्रकारच्या समुद्रफुलांशी जमवून घेतात. याचं एकच घर. ते समुद्रफूल घरी ठेवायचा विचारही मी केला नाही. त्याला लागणारा प्रखर उजेड आणि वाहतं पाणी मी इथे देऊ शकलो नसतो, आणि ते मेलं असतं तर टाकीतलं सगळंच नासलं असतं. टाकीत जन्मलेल्या माशांचं त्याच्यावाचून अडत नाही. माझ्या जोडीने पहिली तीन वर्षं पंपाच्या पाइपलाच घर मानलं, आणि नंतर खापराला.

अमळनेरात समुद्र सांभाळणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजवायला वेळ लागतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी किती दिवसांआड येईल ते आम्ही नीट सांगू शकत नाही. बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांवर पांढरा थर बसतो. ते आधी आरओतून काढायचं, मग त्यात माशांसाठीचं खास मीठ घालायचं, लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने. आरओतून एक बादली चांगलं पाणी निघतं तेव्हा दोन-तीन बादल्या वाया जातात. त्या वाया गेलेल्या पाण्याने फरशी पुसायची, कूलर भरायचा, उरलं तर संडासात. शेजारच्या वहिनी डोक्यावर हंडा घेऊन दारावरून जात असताना मी माशांसाठी पाणी मोजत असलो की माझी मान वर होत नसे. ही टोचणी अजून गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

मायचा तर सुरुवातीला साफ विरोध होता. "चांगला पानीम्हा मीठ टाकीसनी पानी नासाडस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग एक दिवस तिने विचारलं, पाणी रोज कमी का होतं? मी म्हटलं, उडून जातं. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश असताना टाकीचं पाणी अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नसेल तर पाण्यावर पंखे सोडावे लागतात, आणि आमच्या कोरड्या हवेत दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज वाफ होऊन जातं. त्यानेच टाकी गार राहते. माय म्हणाली, म्हणजे माठ. अगदी माठ! मुंबईच्या दमट हवेत हा उपाय एवढा लागू पडत नाही, तिथे चिलर लागतो. आमच्या इथे मात्र माठाचीच विद्या समुद्राला लावता येते. मग मी सांगितलं की पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून वरून भर घालायची ती नेहमी गोड्या पाण्याची. हे तिला असं पटलं की त्या दिवसापासून ते काम तिचंच झालं. काचेवर तिने खडूने रेघ मारली आणि रोज सकाळी देवपूजा झाली की रेघेपर्यंत पाणी आणून ठेवते. टाकीच्या कडांवर मिठाची पांढरी बुरशी चढते, जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो तशी. ती ओल्या फडक्याने पुसते. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिलाय, ताईच्या बाळंतपणाला सुरतेला गेली होती तेव्हा डुमसला. तिथली काळी रेती तिला आवडली नव्हती. पण मेहुण्यांनी हात करून दाखवलं होतं, इकडेच आपली तापी येऊन मिळते म्हणून, तेव्हा तिने नमस्कार केला होता. बोरी तापीत जाते, तापी समुद्रात. मायच्या मनात त्यामुळे आमच्या हॉलमधलं खारं पाणी अगदीच परकं राहिलं नसावं.

पहिली अंडी मार्गशीर्षात पडली. त्याच्या आधी दोन दिवस नराचं वागणं बदललं होतं. खापर तोंडाने घासून घासून लख्ख करत होता, शेवाळाचा कण राहू देत नव्हता. मादी मोठी, नराच्या जवळजवळ दीडपट. ती दुपारी आली, खापरावर पोट टेकवून गोल गोल फिरली, आणि तिच्यामागे केशरी दाण्यांच्या ओळी उमटत गेल्या. तासाभराने ती निघून गेली. त्यानंतरचं सगळं नराचं. क्लाउनफिशमध्ये अंडी बापच सांभाळतो. दिवसभर वारा घालतो, कारण पाणी खेळतं राहिलं नाही तर अंडी गुदमरतात, बुरशी धरतात. जे अंडं पांढरं पडेल ते तोंडाने खुडून काढतो, शेजारच्याला लागण होऊ नये म्हणून. खायला बाजूला जातो, दोन घास घेतो आणि परततो. अंडी आधी केशरी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गडद, मग एकेक ठिपका, मग डोळे. सातव्या-आठव्या दिवशी टॉर्च मारला की तीनशे जोड्या डोळे परत बघतात.

पहिल्या दोन खेपा जोडीने स्वतःच खाऊन टाकल्या. नवख्या जोडीत असं होतं. तिसऱ्या खेपेपासून बाप शहाणा झाला.

या माशांचं आणखी एक आहे. सगळे क्लाउनफिश आधी नर होतात. घोळक्यातला सगळ्यात मोठा असतो तो मादी. मादी मेली तर तिचा नरच हळूहळू मादी होतो, आणि लहानांतला मोठा त्याच्या जागी नर. हे मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलं खुसखुसतात. मायला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. म्हणाली, "माय मरी गई तं बापले माय व्हनं पडस." मी म्हटलं, हो, तसंच. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आनि बाप गया तं?" मग लहान्यातला मोठा बाप होतो, मी म्हणालो. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कणकेकडे. नाना गेले तेव्हा मी बारावीत होतो.

नाना गिरणीत होते, गिरणी बंद पडेपर्यंत. उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर झोपायचो. मातीचं धाबं, संध्याकाळी पाणी शिंपडलं की वास यायचा आणि पाठीला गारवा लागायचा. वारा पडलेला असायचा. ताई, मी आणि धाकटा एका ओळीत, आणि आमच्या उशाशी नाना शिंदीच्या पानांचा पंखा घेऊन. वारा घालता घालता त्यांना झोप लागायची, पण हात चालू राहायचा. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, आणि हात एकाच लयीत, इकडे-तिकडे. आठ तास मागावर उभं राहिलेल्या माणसाचा हात होता तो. मग माय जिन्यावरून वर यायची, त्यांच्या मनगटावर हात ठेवायची आणि म्हणायची, "पोरं जपी गयात. आते तुम्ही बी जपा." तेव्हा कुठे पंखा खाली यायचा. मी पुष्कळदा जागा असायचो. डोळे मिटून, शेवटची ती दोन वाक्यं ऐकल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरवून.

अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. पहिलीत आम्हाला देशावरच्या एक बाई होत्या. शाळा सुटताना म्हणायच्या, "जपून जा रे पोरांनो." झोपून कसं जायचं, म्हणून आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो. पुढे कळलं की त्यांच्या मराठीत जपणं म्हणजे सांभाळणं. आमच्या घरी दोन्ही एकच होतं. कोणीतरी सांभाळत असायचं म्हणून आम्ही झोपत होतो.

एकदा रात्री अचानक वावटळ उठली, धूळ आणि मागोमाग टपोरे थेंब. मायने आम्हा तिघांना भराभर उठवून खाली नेलं. चादरी आणायला मी परत वर गेलो. विजेच्या उजेडात नाना तसेच बसलेले दिसले, झोपेतच, तोंडावर थेंब पडत असताना, आणि पंखा आमच्या रिकाम्या गोधडीवर हलत होता. मी सात-आठ वर्षांचा असेन. मी त्यांना हाक मारली नाही. का मारली नाही ते मला आजही सांगता येत नाही. खालून मायची हाक आली, तेव्हा ते जागे झाले.

वैशाखात मी खापर उचललं ते नियमाला धरूनच. पिल्लं रात्री निघतात, अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत. आईबापांच्या टाकीत राहिली तर पंपात ओढली जातात, नाहीतर मोठे मासेच त्यांना गिळतात. म्हणून त्या संध्याकाळी अंडी हलवायची आणि बापाच्या पंखांच्या जागी हवेचा बुडबुडा लावायचा. पुस्तकात असं आहे, सगळे असंच करतात. आणि पिल्लं निघालीही. सकाळी पाहिलं तर पाण्यात तीन-चार मिलीमीटरच्या काचेच्या काड्या, डोळे तेवढे दिसणाऱ्या. त्यांना पहिल्या दिवसापासून जिवंत खाणं लागतं, तेही नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारं. रोटिफर म्हणतात त्या जीवांना. ते मी खिडकीतल्या बाटल्यांत हिरव्या शेवाळाच्या पाण्यावर पोसत होतो. तिसऱ्या रात्री वादळ आलं, लाईन गेली, पहाटे चारला इन्व्हर्टरनेही मान टाकली. सकाळी बाटल्यांना नाकाला झोंबणारा वास येत होता. रोटिफर मेले होते. पिल्लं मात्र जिवंत होती, पोहत होती, इंग्रजी एसच्या आकारात अंग आखडून झेप घ्यायची आणि समोर काहीच नसायचं. मी धुळ्याला एका ओळखीच्याकडे फोन केला, तो बाटली घेऊन एसटीने निघालाही. पाचव्या दिवशी सकाळी टाकीत काही हललं नाही.

तळ साफ करायला मला दोन दिवस धीर झाला नाही.

त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही तेव्हा मी स्वतःलाच विचारायचो, हे सगळं कशासाठी? मालदीवचा मासा, खानदेशातली काच, आणि मी. मला एक उत्तर माहीत आहे, आणि ते खोटं नाही. १९९८ साली हिंदी महासागराचं पाणी तापलं तेव्हा मालदीव आणि लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. २०१६ मध्ये पुन्हा. समुद्रफुलंही तशीच पांढरी पडतात, त्यांच्या अंगातलं शेवाळ निघून जातं. पाणी एकतीस अंशांच्या आसपास बरेच दिवस राहिलं की हे सुरू होतं. आमच्याकडे एकतीस अंश म्हणजे पोळ्यानंतरचा सुखाचा दिवस. तिथे तेवढ्यावर घरं उठतात. ज्या माशाला एकच घर आहे, त्याला समुद्रातून जाळीने काढून खोक्यात घालण्यापेक्षा टाकीत जन्मलेला मासा हौशी माणसाच्या घरी जावा, हे मला मनापासून पटतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या जातीसकट कितीतरी क्लाउनफिशची वीण बंदिस्त पाण्यात घेण्याची रीत बसवली, ती त्याच वाटेने. मी त्या वाटेवरचा एक अगदी छोटा माणूस. पण एवढं सगळं मांडून झालं की समोर पुन्हा तो नर येतो, रिकाम्या दगडाला वारा घालणारा. तो पूर्ण दोन दिवस तसं करत होता. माझं कारण खरं आहे, आणि त्याचे ते दोन दिवसही खरे आहेत. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

हे लिहितोय तेव्हा बाजूच्या टाकीत एकोणीस पिल्लं आहेत, करंगळीच्या नखाएवढी. डोळ्यांमागचा पांढरा पट्टा बाराव्या दिवशी पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मायला देवघरातून उठवून आणलं होतं. ही पिल्लं आषाढातल्या खेपेची. त्या वेळी मी खापर उचललं नाही. दुसरीही एक रीत आहे, जास्त कटकटीची, हातून निसटणारी पिल्लं जास्त. पण तीत अंडी शेवटपर्यंत बापाजवळ राहतात.

आठव्या रात्री मी पंप बंद केले, घरातले दिवे घालवले. बाहेर भुरभुर पाऊस होता. माय खाटेवर बसली होती, जपमाळ हातात, पण मणी पुढे सरकत नव्हते. मी टॉर्चवर रुमाल गुंडाळून टाकीच्या एका कोपऱ्याला धरला. बराच वेळ काहीच झालं नाही. नर अंधारात वारा घालत होता, नेहमीपेक्षा जोरात, सगळं अंग हलवून. मग उजेडाच्या त्या कोपऱ्यात एक काडी चमकली. मग दोन. मग पाण्यात कोणी रवा भिरकावल्यासारखी पिल्लं वर आली, उजेडाकडे. मी स्टीलच्या पेल्याने ती पाण्यासकट अलगद उचलत होतो, शेजारच्या टाकीत सोडत होतो. काही नराच्या अंगावरून गेली. त्याने त्यांना तोंड लावलं नाही. तासाभराने खापरावर नुसती रिकामी टरफलं राहिली, पाण्याच्या हेलकाव्याने लवणारी.

माय उठली आणि काचेजवळ आली. नराने खापरावरून तोंड फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पर अजून हलत होते, पण सावकाश. मायने काचेवर हात टेकवला, जिथे खडूची रेघ आहे त्याच्या जरा खाली.

"पोरं जपी गयात," ती म्हणाली. "आते तू बी जप."

मी टॉर्च बंद केला.